दार उघडं ठेवून केलेली प्रार्थना



मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. एरवी या केंद्रावर मी बोलते ते अंतर्गत कर्ज, बँक जोडणी, हप्ते आणि इतिवृत्ताची वही याबद्दल. आज मात्र विषय वेगळा आहे. बी. ए.ला माझा इतिहास होता, आणि तो इतिहास गटाच्या एका बैठकीनंतर मला पुन्हा उघडावा लागला. त्याबद्दल आज बोलणार आहे.

आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, गावोगावी ख्रिस्ती वस्त्या आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले, तेव्हापासूनचा हा इतिहास. अशाच एका वस्तीत आमचा गट आहे. त्यांची बैठक सुरू होताना आधी एक भजन होतं, मग प्रार्थना, आणि मग पासबुकं बाहेर निघतात. मी ख्रिस्ती नाही, पण त्या भजनाच्या वेळी मीही त्यांच्यात बसते.

एका बैठकीनंतर सगळ्या उठून गेल्या आणि गटातल्या एक मावशी मागे थांबल्या. मला वाटलं कर्जाचं काही असेल. त्या म्हणाल्या, "मॅडम, पोरगा देवळात यायचा बंद झालाय. बारावीला आहे. म्हणतो, तुम्हीच जा. लहानपणी संडे स्कूलला पहिला असायचा. सगळी वचनं तोंडपाठ. माझं काय चुकलं?" ख्रिस्ती वस्तीत चर्चला देऊळच म्हणतात, हे ऐकणाऱ्यांसाठी सांगते.

मला उत्तर देता आलं नाही. घरी येताना गाडीवर तोच प्रश्न डोक्यात होता, कारण तो माझाही होता. माझी मुलगी तिसरीत आहे. रोज संध्याकाळी दिवा लागला की मी तिला हात जोडायला लावते. ती हात जोडते, आणि तेव्हा मी मोबाईलवर कोणाचा हप्ता आला नाही ते बघत असते. एकदा ती म्हणालीच, "मम्मी, तू नाही का जोडत?"

आईबापांच्या श्रद्धेतलं मुलांपर्यंत नेमकं काय पोहोचतं? आपण शिकवतो ते, की आपण जगतो ते? आपल्या महाराष्ट्रात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दोन ख्रिस्ती घरं अशी होऊन गेली, की त्यांनी या प्रश्नासाठी मोठी किंमत मोजली. एक घर पंडिता रमाबाईंचं. दुसरं रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं. या दोन घरांत मुलांचं काय झालं, ते आज बघू.

रमाबाईंची गोष्ट त्यांच्या आईबापांपासूनच सुरू करावी लागते. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्या काळी बाईने संस्कृत शिकणं हा अधर्म समजला जाई. अनंतशास्त्र्यांनी लोकांचा विरोध सोसून आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. पुढे या आईने धाकट्या रमेला शिकवलं. पहाटे उजाडायच्या आत, घरची कामं सुरू व्हायच्या आधी, पेंगुळलेल्या पोरीला मांडीवर घेऊन आई श्लोक म्हणून घ्यायची. रमाबाईंनी ही आठवण फार मायेने लिहून ठेवली आहे.

हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. जवळचा पैसा दानधर्मात गेला. मग दुष्काळ आला. देव प्रसन्न होईल या विश्वासाने उपास झाले, व्रतं झाली, पण पोटात अन्न नव्हतं. त्या दुष्काळात वडील गेले, थोड्याच काळात आई गेली आणि मग थोरली बहीणही गेली. मरण्याआधी वडिलांनी रमेला जवळ घेऊन सांगितलं, की मी तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, त्याचीच सेवा कर. रमाबाई ख्रिस्ती झाल्यानंतरही वडिलांचा हा शेवटचा शब्द विसरल्या नाहीत. वडिलांचा देव कोणता आणि आपला कोणता, हा वाद त्यांनी तिथे घातला नाही. वडिलांनी आपल्याला देवाच्या हाती दिलं होतं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं.

इथे थोडं थांबून बघा. रमाबाईंनी आईवडिलांचा धर्म सोडला, म्हणजे वरून पाहिलं तर आईवडिलांचं शिकवणं फुकट गेलं. पण जे पटेल त्यासाठी गावाशी वाकडं घ्यायचं धैर्य त्यांना अनंतशास्त्र्यांकडूनच मिळालं होतं. देवासाठी सगळं देऊन टाकायची सवयही त्या घरातलीच. पहाटे उठून वाचायची, शब्दाचा अर्थ मुळापर्यंत शोधायची सवय आईची. याच रमाबाईंनी म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणलं. देवाचं नाव बदललं, पण आईच्या मांडीवर लागलेलं वळण तेच राहिलं.

पुढे रमाबाई आणि त्यांचे भाऊ पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. भाऊ वारला. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ साली मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि १८८२ साली नवरा गेला. बाई तेवीस वर्षांची, कडेवर वर्षाची सुद्धा न झालेली पोर. त्या पुण्याला आल्या, स्त्रियांसाठी आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ साली मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे वांटेज गावच्या ख्रिस्ती सिस्टरांच्या मठात राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला आई आणि मुलगी दोघींचा बाप्तिस्मा झाला. मनोरमा तेव्हा अडीच वर्षांची होती.

आता मनोरमेच्या धर्मशिक्षणावरून वाद सुरू झाला. रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. मनोरमा बराच काळ वांटेजला सिस्टरांजवळ राहिली. तिथल्या सिस्टर जेराल्डीन रमाबाईंना धर्माच्या बाबतीत आईसारख्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की मुलीचा बाप्तिस्मा झाला आहे, तेव्हा चर्च जे शिकवतं ते सगळं तिला शिकवायला हवं. त्यांच्या बाजूने पाहिलं तर यात गैर काही नव्हतं, ती त्यांना आपली जबाबदारी वाटत होती. पण रमाबाईंना चर्चच्या सगळ्याच सिद्धांतांचं कोडं सुटलेलं नव्हतं. त्या शास्त्र वाचत होत्या, प्रश्न विचारत होत्या, पत्रांतून वाद घालत होत्या. मी माणसाचं ऐकून नाही, माझ्या विवेकबुद्धीला स्मरून चालेन, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि आपल्याला जे पटलेलं नाही ते आपल्या मुलीकडून पाठ करून घेऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. ही सगळी पत्रं पुढे छापली गेली आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू आज वाचता येतात.

मैत्रिणींनो, त्या बाईची अवस्था डोळ्यांपुढे आणा. परका देश, खिशात पैसा नाही, ज्यांच्या आसऱ्याला आहोत त्यांच्याशीच वाद, आणि तोही पोटच्या मुलीवरून. गप्प बसणं किती सोपं होतं! पण जे मी मानत नाही ते मुलीने मानल्यासारखं दाखवावं, हे त्यांना खोटं वाटलं. आपण त्याच्या उलट करतो. आपल्याला जे करायला सवड नाही, ते मुलांकडून मात्र करून घेतो.

या सगळ्यात मनोरमेची फरफट झाली, हेही खरं आहे. लहानपणी कधी आईजवळ, कधी सिस्टरांजवळ, कधी या देशात, कधी त्या देशात. आईची श्रद्धा थोर असली तरी तिचा जाच लेकराला होतो. इतिहास सांगताना ही बाजू झाकून चालणार नाही.

अमेरिकेत जाऊन, तिथे व्याख्यानं देऊन आणि पुस्तक लिहून रमाबाईंनी पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. उच्चवर्णीय विधवा मुलींसाठी ही शाळा होती. गोदूबाई नावाची तरुण विधवा तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी. याच गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून बाया कर्वे झाल्या. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला आलं. या संस्थेत धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं होतं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार होती.

याच काळात रमाबाईंच्या मनात एक मोठा बदल झाला. त्यांनी स्वतः लिहिलं आहे, की बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो अनुभव त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आला. लक्षात घ्या, आठ वर्षं या बाईने वाट पाहिली. तोवर आपल्याला सगळं समजलं असा आव आणला नाही.

त्यानंतर त्या रोज आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचायच्या आणि प्रार्थना करायच्या. पण खोलीचं दार लावून घ्यायच्या नाहीत. मी माझ्या मुलीसोबत माझ्या देवाची प्रार्थना करते, त्यात लपवायचं काय, असं त्यांचं मत. सदनातल्या मुलींना येण्याची सक्ती नव्हती आणि बंदीही नव्हती. हळूहळू काही मुली दारात येऊन उभ्या राहू लागल्या, मग आत येऊन बसू लागल्या.

पुण्यात यावरून मोठं वादळ उठलं. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुलींना काढून नेलं. त्या पालकांना आपण आज सहज नावं ठेवू, पण तेही आईबापच होते. धर्म शिकवला जाणार नाही या भरवशावर त्यांनी मुली पाठवल्या होत्या. आपली पोर आपल्यापासून तुटेल ही भीती साधी नसते. रमाबाईंच्या बाजूनेही पाहा. दार लावलं असतं तर संस्था सुखाने चालली असती. पण मग स्वतःच्या मुलीला त्या काय शिकवत होत्या? की श्रद्धा ही चोरून करायची गोष्ट आहे? मला वाटतं, त्या उघड्या दाराचा सर्वांत खोल परिणाम झाला तो आत आईशेजारी बसलेल्या मनोरमेवर.

पुढे मनोरमाबाई इंग्लंड-अमेरिकेत शिकल्या आणि परत आल्या. तोवर रमाबाईंचं काम केडगावला पसरलं होतं. १८९६च्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली आणि बायका 'मुक्ती'त राहत होत्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकांनी चालवलेलं. मनोरमाबाईंनी आईच्या खांद्याला खांदा लावला. शाळेचं काम पाहिलं, अंध बायकांना हाताने चाचपून वाचायची ब्रेल लिपी शिकवण्याच्या कामात लक्ष घातलं, आणि पुढे गुलबर्ग्याला मुलींसाठी शाळा काढली. २४ जुलै १९२१ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्या वारल्या. त्यानंतर नऊ महिनेही झाले नाहीत तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. आईच्या कामाचं ओझं मुलीच्या खांद्यावर किती लवकर आलं, हे या तारखांवरून कळतं. जिच्या हाती सगळं सोपवायचं, तीच आधी गेली.

हे झालं एक घर. तिथे आई एकटी होती. दुसऱ्या घरात आई आणि बाप दोघं होते, पण दोघांचे देव वेगळे झाले होते. त्यामुळे तिथला पेच आणखी निराळा होता.

नारायण वामन टिळक कोकणातले, जन्म १८६१ सालचा. आई लहानपणीच गेली. नाशिकला येऊन संस्कृत शिकले, कवी झाले. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचं लग्न झालं. ती अकरा-बारा वर्षांची. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं. हिच्या माहेरी सोवळ्याचा इतका अतिरेक होता, की वडिलांचं धुणंपुसणं घरादाराला पुरे करायचं. अशा घरातून आलेली ही मुलगी.

१८९३ साली टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी गप्पा झाल्या. त्याने नवा करार हातात ठेवला आणि सांगितलं, की दोन वर्षांच्या आत तू ख्रिस्ती होशील. टिळक वाचू लागले. डोंगरावरचं प्रवचन वाचताना त्यांना आपल्या प्रश्नांची उत्तरं सापडली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेताच.

तेव्हा मुलगा दत्तू तीन-चार वर्षांचा होता. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरात पाय ठेवला तर धर्म बुडतो. ठेवला नाही तर संसार बुडतो. काही वर्षं त्या मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आसऱ्याने राहिल्या, पंढरपुरातही राहिल्या. या दिवसांत त्या दुःखाने वेड्यापिशा झाल्या होत्या, आणि त्याच दुःखात त्या कविता करू लागल्या. दत्तू या दोघांच्या मध्ये वाढत होता. एकीकडे आईचं सोवळं, दुसरीकडे बापाचा येशू.

नंतर लक्ष्मीबाई नगरला टिळकांजवळ आल्या, पण आपला धर्म आणि आपलं सोवळं सांभाळून. टिळक तसे तापट. घरात पैसा टिकू द्यायचे नाहीत, हातात आलेलं दुसऱ्याला देऊन मोकळे व्हायचे. त्यापायी लक्ष्मीबाईंनी खूप सोसलं. पण धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाई बघत होत्या. ख्रिस्ती झालेला आपला नवरा कसा वागतो, कोणाला जवळ करतो, हे रोज डोळ्यांपुढे होतं.

एक दिवस त्यांच्या मनात विचार आला, की जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांसारखा माणसामाणसांच्या शरीरात फरक दिसला असता. पण जन्म तसाच, मरण तसंच, हाडंमांस तेच. मग हे माणसाचंच काम. त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचं खायचं ठरवलं. नवऱ्याशी वाद घालून नाही, पुस्तकातल्या सिद्धांताने नाही, स्वतःच्या डोक्याने त्या तिथवर आल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

या पाच वर्षांनी दत्तूला काय शिकवलं असेल, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, त्याने पाहिलं की माझे वडील ज्याच्यावर विश्वास ठेवतात, त्यासाठी ते घरदार, नाव, नाती सगळं गमवायला तयार आहेत. आणि माझी आई, जोपर्यंत तिला पटत नाही, तोपर्यंत नवऱ्यासाठीसुद्धा मानेला मान लावत नाही. पटल्यावर मात्र मागे बघत नाही. दोन्ही गोष्टी मुलाने एकाच घरात पाहिल्या.

त्या घराचं दारही उघडंच असायचं. दुष्काळातली अनाथ मुलं तिथे राहिली. प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची सेवा झाली. 'बालकवी' म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते त्र्यंबक बापूजी ठोमरे नगरला याच घरात राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं वागवलं. ते ख्रिस्ती नव्हते, आणि या घरात राहण्यासाठी त्यांना व्हावंही लागलं नाही.

टिळकांनी आणखी एक मोलाचं काम केलं. तोवर मराठी ख्रिस्ती उपासनेत विलायती चालींचा भरणा होता. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन देवळात आणलं. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेने मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट. धर्म बदलला तरी आजीआईच्या तोंडचा अभंग त्यांनी टाकून दिला नाही. त्यांनी लिहिलेली भजनं आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. आमच्या गटाच्या बैठकीत पासबुकं काढण्याआधी जे भजन होतं, तेही बऱ्याच वेळा टिळकांचंच असतं. ते गाणाऱ्या बायका तिसरी-चौथी शाळा शिकलेल्या आहेत, पण भजन पुस्तक न बघता म्हणतात.

टिळक १९१९ साली गेले. त्यांनी ओवीत 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं होतं. सुरुवातीचे थोडे अध्याय झाले आणि ते काम राहिलं. ज्या बाईला नवऱ्याने लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकवलं, तिने त्या ग्रंथाचे पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, तोवर कर्ता झाला होता. त्याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. म्हणून तो आईला आठवणी लिहून द्यायला सांगू लागला. त्यातून 'स्मृतिचित्रे' जन्माला आलं. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत ते पुस्तक धरलं जातं. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. त्यानंतर आईचं राहिलेलं लिखाण लोकांपुढे आणण्याचं काम मुलानेच केलं.

आणि एक गंमत ऐका. याच देवदत्त टिळकांनी पुढे पंडिता रमाबाईंचं मराठी चरित्र लिहिलं. एका उघड्या दाराच्या घरातला मुलगा दुसऱ्या उघड्या दाराच्या घराची गोष्ट लिहायला बसला.

'स्मृतिचित्रे'तली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्यात लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला देव केलेलं नाही. त्यांचा राग, हट्ट, विसराळूपणा, सगळं हसत हसत सांगितलं आहे. आणि मुलाने ते तसंच छापलं. वडील मोठे धर्मोपदेशक, पण त्यांचे दोष झाकावेत असं त्याला वाटलं नाही. ज्या घरात आईबाप चुकतात आणि चुकलो असं कबूल करतात, त्या घरातल्या मुलांना श्रद्धा आणि खरेपणा यांतलं एक निवडावं लागत नाही.

मैत्रिणींनो, या दोन घरांच्या गोष्टींतून मला एवढं कळलं. मुलं आपला धर्म जसाच्या तसा उचलतील, याची खात्री कुणालाच नाही. अनंतशास्त्र्यांनासुद्धा नव्हती. पण आपल्या श्रद्धेत आपण किती खरे आहोत, हे मुलांना बरोबर कळतं. पाठ केलेली वचनं विसरता येतात. आई एकटी असताना, कोणी बघत नसताना काय करायची, ते विसरता येत नाही.

मी मावशींना या गोष्टी सांगितल्या. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू का मॅडम, आमच्या घरात प्रार्थना फक्त पाळक येणार असले की होते. एरवी मी रात्री झोपताना एकटीच तोंडातल्या तोंडात म्हणते. पोरगा मोबाईलमधी, हे टीव्हीमधी." मी त्यांना उपदेश केला नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच म्हटलं, "मावशी, तोंडातल्या तोंडात कशाला? पुढच्या खोलीत बसून म्हणा. पोराला बोलवू नका. फक्त तुम्ही म्हणा."

त्याला आता सहा महिने झाले. मुलगा देवळात जायला लागला असं सांगून मी तुम्हाला खूश करू शकते, पण ते खोटं होईल. तो अजून जात नाही. पण नाताळच्या आठवड्यात मी वस्तीत वसुलीला गेले, तेव्हा देवळावर चांदणी लावायला शिडी धरून जी पोरं उभी होती, त्यांतला शिडीवर चढलेला तोच होता. मावशी खालून ओरडत होत्या, "हळू रे!" माझ्याकडे बघून त्या काही बोलल्या नाहीत. मीही काही बोलले नाही. हप्ता मात्र त्यांनी वेळेवर दिला.

आणि माझ्या घरी? संध्याकाळी दिवा लागला की आता मी मोबाईल फ्रिजवर ठेवते. मुलीला हात जोड म्हणत नाही. मी जोडते. कधी ती शेजारी येऊन उभी राहते, कधी खेळायला पळते. काल विचारत होती, "मम्मी, तू काय मागतेस?" मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, रोज काही मागत नाही गं, कधीकधी नुसती उभी राहते. तिला ते चाललं.

ज्यांना शक्य असेल त्यांनी 'स्मृतिचित्रे' नक्की वाचा. गावच्या वाचनालयात बहुतेक मिळेल. गटात एकीने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असंही करता येईल. हसाल, रडाल, आणि घरी जाऊन आपल्या लेकरांकडे जरा वेगळ्या नजरेने बघाल.

पुढच्या वेळी पुन्हा कर्जाचे हप्ते आहेतच. तोवर नमस्कार.